पूरनियंत्रणासाठी मातीचे लहान धरण : रचना, उपयोग आणि मर्यादा

धरण म्हटले की भरलेला जलाशय डोळ्यांपुढे येतो. स्पर्धा परीक्षांच्या पाठ्यपुस्तकांतही धरणांचा विचार मुख्यतः सिंचन व वीजनिर्मिती या दोन अंगांनी केलेला असतो. पूरनियंत्रण हा उद्देश बहुउद्देशीय प्रकल्पांच्या उद्दिष्टांमध्ये तिसऱ्या वा चौथ्या क्रमांकावर येतो आणि बहुतेक वेळा एका ओळीत संपतो. मात्र ग्रामीण भागात एखाद्या ओढ्यावर केवळ पुराचा जोर मोडण्यासाठी बांधलेले दहा-बारा मीटर उंचीचे मातीचे धरण ही एक स्वतंत्र संकल्पना आहे. तिचे गणित नेहमीच्या धरणाच्या नेमके उलट असते. सिंचनाच्या धरणाचे मोल त्यात किती पाणी साठले आहे यावर ठरते, तर पूरनियंत्रणाच्या धरणाचे मोल त्यात किती जागा मोकळी आहे यावर ठरते. या एका फरकातून तांत्रिक, सामाजिक व प्रशासकीय स्वरूपाचे अनेक प्रश्न उद्भवतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा परामर्श घेतला आहे.

पुराचे आकारमान आणि पुराचे शिखर

पुराने होणारे नुकसान पाण्याच्या एकूण आकारमानापेक्षा ते किती वेगाने येते यावर अधिक अवलंबून असते. ओढ्याच्या पात्राची पाणी वाहून नेण्याची एक क्षमता असते. विसर्ग तिच्या आत राहिला तर तेच पाणी दोन दिवस वाहत राहूनही काठावरील शेताला धक्का लागत नाही. तेच पाणी तीन तासांत आले तर काठ फुटतात, पिके आडवी होतात आणि सुपीक मातीवर वाळूचा थर बसतो. एखाद्या ठिकाणचा विसर्ग वेळेनुसार कसा बदलतो हे दाखविणाऱ्या आलेखाला जलालेख म्हणतात. या आलेखाचा सर्वोच्च बिंदू म्हणजे पुराचे शिखर. पूरनियंत्रणाचे धरण पाणी कायमचे अडवीत नाही, ते हे शिखर कापून जलालेख आडवा पसरविते.

हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका ओढ्याचे पाणलोट क्षेत्र १० चौरस किलोमीटर आहे. जोरदार पावसातील ६० मिलिमीटर पाणी जमिनीत न मुरता वाहून ओढ्यात आले, असे मानू. त्याचे आकारमान ६ लाख घनमीटर भरते. हा पूर तीन तासांत येऊन गेला, दीड तासाने तो शिखरावर पोहोचला आणि त्याचा जलालेख त्रिकोणी आहे असे धरले, तर शिखराचा विसर्ग सेकंदाला सुमारे १११ घनमीटर येतो. आता या ओढ्यावर धरण बांधले आणि त्याच्या तळाशी सेकंदाला ५ घनमीटर पाणी सोडणारी नळवाट ठेवली. पूर येत असताना तीन तासांत या वाटेने जेमतेम ५० हजार घनमीटर पाणी बाहेर पडेल. उरलेले सुमारे साडेपाच लाख घनमीटर पाणी धरणामागे तात्पुरते थांबेल आणि पुढील तीसएक तासांत हळूहळू निघून जाईल. प्रत्यक्षात पाण्याची पातळी वाढते तसा नळवाटेचा विसर्गही थोडा वाढतो, येथे तो सोयीसाठी स्थिर धरला आहे. सेकंदाला १११ घनमीटरचा पूर खालच्या गावात ५ घनमीटरचा होऊन पोहोचतो, हा या धरणाचा लाभ. पाणी तेवढेच गेले, परंतु ओढ्याला झेपेल अशा गतीने गेले.

यातून एक अट मात्र निघते. पाऊस सुरू होईल त्या क्षणी साडेपाच लाख घनमीटर जागा रिकामी असली पाहिजे. या अटीकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

मातीच्या धरणाची अंगे

जगातील बहुसंख्य धरणे मातीची आहेत. माती, मुरूम व दगड जागेवरच मिळतात, पाया खडकाचाच असावा लागत नाही आणि बांधकामास स्थानिक मजूर व साधी यंत्रसामग्री पुरते. धरणाच्या मधोमध चिकणमातीचा, आपल्याकडे बहुधा काळ्या मातीचा, अपारगम्य गाभा असतो. गाभ्याच्या दोन्ही बाजूंस मुरमाचे कवच असते. गाभा पाणी अडवितो आणि कवच त्याला स्थैर्य देते. पायाखालून पाणी झिरपू नये यासाठी कठीण थरापर्यंत खंदक खणून तो चिकणमातीने दाबून भरतात. पाण्याकडील उतारावर लाटांचा मारा सोसण्यासाठी दगडांचे अस्तर असते. खालच्या उतारावर गवत लावतात आणि पायथ्याशी दगडी निचरा व वाळूची गाळणी करतात. मातीच्या धरणातून थोडे पाणी पाझरणारच, हे गृहीत धरलेले असते. पाझराने पाणी यावे पण माती येऊ नये, एवढ्यासाठी ही गाळणी असते. धरण दोन्ही तीरांकडून पुढे नेत शेवटी नदीपात्रातील भाग एका हंगामात भरून घेतात. या कामाला घळभरणी म्हणतात. पावसाळा तोंडावर असताना घाईने केलेली घळभरणी हा धरणाच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक टप्पा असतो. पुण्याजवळील पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, तेव्हा त्याचे काम पूर्ण झालेले नसतानाच त्यात पाणी साठले होते, हे येथे आठवावे.

पूरनियंत्रणाच्या धरणाला पाणी बाहेर पडण्याच्या दोन वाटा असतात. पहिली म्हणजे वर वर्णन केलेली नळवाट. जलाशयात उभी असलेली काँक्रीटची विहीर आणि तिच्या तळातून धरणाखालून जाणारा नळ, असे तिचे स्वरूप असते. विहिरीच्या तोंडापर्यंत पाणी चढले की ते आपोआप आत पडू लागते. दुसरी वाट म्हणजे धरणाच्या एका बाजूस, मूळ जमिनीत खोदलेला रुंद, उथळ सांडवा. नळवाट व साठवणजागा दोन्ही अपुऱ्या पडतील अशा असाधारण पुरासाठी तो राखून ठेवलेला असतो आणि कित्येक वर्षे त्यावर केवळ गवत वाढते. दोन्ही वाटांवर दरवाजा नसतो, ही या रचनेतील महत्त्वाची गोष्ट आहे. डोंगराळ भागातील लहान ओढ्याचा पूर रात्री-बेरात्री, तासाभराच्या अवधीत येतो. दरवाजे उचलण्यासाठी कर्मचारी तेथे पोहोचेल, वीज चालू असेल व निरोप मिळेल, यावर विसंबणे धोक्याचे असते. पूरनियंत्रण माणसावर न सोपविता रचनेवर सोपविणे हे अशा धरणाचे वैशिष्ट्य होय.

धरणाचा माथा आणि पाण्याची महत्तम पातळी यांमध्ये पुरेसे अंतर राखणे अनिवार्य असते. काँक्रीटच्या धरणावरून थोडा वेळ पाणी वाहिले तरी ते बहुधा टिकते, मातीचे धरण टिकत नाही. माथ्यावरून पाणी वाहू लागताच खालचा उतार कापला जातो आणि काही तासांत खिंडार पडते.

वॉशिटा खोऱ्यातील प्रयोग

पूरनियंत्रणासाठी लहान धरणांची मालिका बांधण्याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. ओक्लाहोमा राज्यातील वॉशिटा नदीला एप्रिल १९३४ मध्ये आलेल्या पुरात हॅमन गावाजवळ १७ जण मृत्युमुखी पडले. याच दशकात तेथील शेतजमिनीची प्रचंड धूप होत होती. पूर आणि धूप हे एकाच प्रश्नाचे दोन चेहरे आहेत, हा विचार त्यातून पुढे आला. १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्याने ११ खोऱ्यांमध्ये पाणलोट क्षेत्रावर आधारित कामांना मान्यता दिली. वॉशिटा हे त्यांपैकी एक. या खोऱ्यात कॉर्डेल गावाजवळ क्लाउड क्रीक या ओढ्यावर १९४८ मध्ये बांधलेले मातीचे धरण हे या कार्यक्रमातील पहिले धरण होय. १९५४ मध्ये पाणलोट संरक्षण व पूरप्रतिबंध कायदा संमत होऊन हा कार्यक्रम देशभर खुला झाला आणि कालांतराने ४७ राज्यांत अशी ११ हजारांहून अधिक धरणे उभी राहिली.

या कायद्यातील दोन तरतुदी आपल्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहेत. पहिली, धरणाच्या वरील पाणलोट क्षेत्रातील किमान निम्म्या जमिनीच्या मालकांनी मृद्‌संधारणाची कामे करण्याचा करार केल्याखेरीज धरणास साहाय्य मिळत नसे. याचे कारण व्यावहारिक आहे. वरून माती येत राहिली तर धरणाची मोकळी जागा पाण्याआधी गाळानेच भरते. दुसरी, धरणाची देखभाल स्थानिक संस्थेने करावयाची होती. केंद्र सरकारने तंत्र व निधी द्यावा आणि जमीन मिळविणे व धरण सांभाळणे हे स्थानिकांनी करावे, अशी ही विभागणी होती.

या धरणांचा आराखडा सामान्यतः ५० वर्षांच्या आयुष्याचा होता आणि तेवढ्या काळात येणाऱ्या गाळासाठी तळाशी वेगळी जागा ठेवलेली असे. विसावे शतक संपताना पहिल्या पिढीतील धरणांची मुदत भरत आली. नळ गंजले, गाळाची जागा भरली. याहून गंभीर गोष्ट म्हणजे, जी धरणे शेतांच्या रक्षणासाठी बांधली होती, त्यांपैकी अनेकांच्या खाली दरम्यानच्या काळात घरे उभी राहिली. पूर येत नाही असे दिसल्यावर लोक पूरक्षेत्रात वस्ती करू लागले. धरण तेच राहिले, परंतु ते फुटल्यास होणारी हानी अनेक पटींनी वाढली. त्यामुळे २००० साली कायद्यात दुरुस्ती करून जुन्या धरणांच्या पुनर्वसनासाठी वेगळी तरतूद करावी लागली. धरणाने दिलेली सुरक्षितताच नव्या धोक्याला निमंत्रण देते, हा निष्कर्ष आपत्ती व्यवस्थापनाच्या अभ्यासकाने आवर्जून टिपून ठेवावा.

शिवालिकच्या पायथ्याचे चो

भारतात या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण पंजाब व हरियाणा यांच्या उत्तर सीमेवर आढळते. शिवालिक टेकड्या भूशास्त्रीयदृष्ट्या तरुण आहेत. ठिसूळ वालुकाश्म, चिकणमाती व गोटे यांचे थर असलेल्या या टेकड्यांवरून उतरणाऱ्या हंगामी प्रवाहांना तेथे ‘चो’ म्हणतात. चो वर्षातील बहुतेक दिवस कोरडे वाळूचे पट्टे असतात. मात्र डोंगरावर पाऊस झाला की थोड्या वेळात ते तुडुंब वाहू लागतात आणि वाळू शेतांवर पसरवितात. होशियारपूर जिल्ह्यातील जैजों येथे ऑगस्ट २०२४ मध्ये असाच चो ओलांडताना एक मोटार वाहून गेली व त्यात एकाच कुटुंबातील अनेकांचा अंत झाला. या प्रश्नाची शासकीय दखलही जुनी आहे. १९०० साली पंजाबात खास चोंच्या उपद्रवासाठी भूसंरक्षण कायदा करण्यात आला आणि त्यान्वये टेकड्यांवरील चराई व तोड यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार सरकारला मिळाला. भारतातील पाणलोट क्षेत्राविषयीच्या सुरुवातीच्या कायद्यांत त्याची गणना करावी लागेल.

निर्बंध घालून टेकड्या हिरव्या झाल्या नाहीत. १९८० पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने कंडी पाणलोट व क्षेत्रविकास प्रकल्प हाती घेण्यात आला. कंडी म्हणजे शिवालिकच्या पायथ्याचा पट्टा. या पट्ट्यात चोंवर कमी उंचीची मातीची धरणे बांधण्यास सुरुवात झाली. ढोलबाहा येथील धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले आणि त्यापाठोपाठ जनौडी, दमसाल, मैली, चोहाल आदी ठिकाणी धरणे झाली. पुराचा जोर कमी करणे, पावसाळ्यानंतर सिंचनासाठी पाणी देणे व धूप रोखणे अशी तिहेरी उद्दिष्टे त्यांच्यापुढे होती.

याच टेकड्यांत हरियाणातील सुखोमाजरी या गावाचा प्रयोग घडला. चंडीगडच्या सुखना तलावाची निर्मिती १९५८ मध्ये सुखना चो अडवून झाली आणि दीड दशकातच त्याचा मोठा भाग गाळाने भरला. गाळ कोठून येतो याचा शोध घेताना केंद्रीय मृद व जलसंधारण संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या चंडीगड केंद्राचे पी. आर. मिश्रा व त्यांचे सहकारी सुखोमाजरीच्या उघड्या पडलेल्या टेकड्यांपर्यंत पोहोचले. चराई थांबवा असे सांगून गावकऱ्यांनी ऐकण्यासारखी स्थिती नव्हती, कारण शेळ्यांखेरीज त्यांच्याकडे दुसरे साधन नव्हते. १९७६ मध्ये तेथे मातीचे पहिले लहान धरण बांधण्यात आले. त्याचे पाणी गव्हाला मिळू लागल्यावर चराई थांबविण्यात गावाचाच लाभ आहे हे स्पष्ट झाले. पाण्यात भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला समान वाटा ठेवण्यात आला. काटेरी कुंपणाऐवजी ‘सामाजिक कुंपण’ हा शब्दप्रयोग या अनुभवातून रूढ झाला. सुखोमाजरीचे नाव बहुतेक विद्यार्थ्यांना लोकसहभागाचे उदाहरण म्हणून माहीत असते. तेथील धरणाचा मूळ हेतू खालच्या शहरातील तलाव वाचविण्याचा होता, ही बाब मात्र सहसा सांगितली जात नाही. वरच्या गावाने खालच्या शहरासाठी काही सोडावयाचे असेल, तर वरच्या गावाला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे, हा त्यातील अर्थशास्त्रीय धडा होय. कालांतराने तेथील धरणेही गाळाने भरत गेली, हेही नमूद केले पाहिजे.

राष्ट्रीय पातळीवर या विचाराला धोरणाचे रूप आलेले दिसते. तिसऱ्या पंचवार्षिक योजनेत, १९६१-६२ मध्ये, नदीखोरे प्रकल्पांच्या पाणलोट क्षेत्रात मृद्‌संधारण करण्याची केंद्रपुरस्कृत योजना सुरू झाली. राष्ट्रीय पूर आयोगाची स्थापना १९७६ मध्ये झाली व त्याने १९८० मध्ये अहवाल सादर करून देशातील सुमारे ४०० लाख हेक्टर क्षेत्र पूरप्रवण असल्याचे अनुमान मांडले. त्यानंतर सहाव्या योजनेत, १९८०-८१ पासून, पूरप्रवण नद्यांच्या पाणलोट क्षेत्रांसाठी स्वतंत्र योजना आखण्यात आली. या दोन योजनांची वर्षे व उद्देश यांत परीक्षेत गोंधळ होतो, तो टाळावा.

रिकामे ठेवावे की भरावे?

आता पूर्वीच्या उदाहरणाकडे वळू. गावाने असा विचार केला की, धरण बांधलेच आहे तर ते रिकामे कशाला ठेवायचे? निम्मे भरून ठेवले तर रब्बीला दोन पाणी मिळतील, विहिरी जिवंत राहतील, मासे सोडता येतील. ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. पाणीटंचाईच्या प्रदेशात डोळ्यांदेखत पाणी वाहून जाऊ देणे कोणालाही पटत नाही. परंतु त्याचा पुरावर काय परिणाम होतो ते पाहावे. मोकळी जागा साडेपाच लाखांवरून पावणेतीन लाख घनमीटरवर येते. त्याच पुराच्या पहिल्या दीड तासात ३ लाख घनमीटर पाणी येते आणि त्यांपैकी २७ हजार घनमीटर नळवाटेने जाते. म्हणजे पूर शिखरावर पोहोचतो त्याच सुमारास जलाशय काठोकाठ भरतो आणि शिखराचे पाणी सांडव्यावरून खाली जाऊ लागते. सांडव्यावर पाणी चढताना थोडी वाढीव जागा मिळते, तेवढीच काय ती कपात होते. थोडक्यात, निम्मी जागा गेली की निम्मे संरक्षण राहते हा समज चुकीचा आहे. निम्मी जागा गेली की शिखरापासूनचे संरक्षण जवळजवळ पूर्ण जाते. गाळाने निम्मी जागा व्यापली तरी परिणाम हाच होतो, फरक इतकाच की पाणी सोडून देता येते, गाळ सोडता येत नाही.

भरलेला जलाशय पुराच्या वेळी कसा वागतो याचे प्रत्यंतर सुखना तलावानेच दिले. २३ ऑगस्ट २०२० रोजी मोठ्या पावसानंतर तलावाचे पूरदरवाजे उघडावे लागले आणि खालच्या बाजूच्या झिरकपूर परिसरातील बलटाना भागात पाणी शिरले. तो तलाव सौंदर्य व विरंगुळा यांसाठी आहे, पूरनियंत्रणासाठी नव्हे, त्यामुळे तो भरलेला असणे हा दोष मानता येत नाही. मात्र भरलेल्या जलाशयाच्या खाली राहणाऱ्यांनी त्याच्याकडून संरक्षणाची अपेक्षा ठेवू नये.

यातून मार्ग काळाच्या विभागणीतून निघतो. पावसाळ्याच्या ऐन भरात जलाशय रिकामा ठेवावयाचा आणि पाऊस ओसरू लागल्यावर शेवटच्या सरींचे पाणी साठवावयाचे. महाराष्ट्रातील वाचकांना हे तत्त्व कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून परिचित आहे. पावसाळ्यात बरगे काढून ठेवतात म्हणजे पूर मोकळा वाहतो आणि पावसाळा संपताना बरगे घालून पाणी अडवितात. धरणाच्या बाबतीत ही विभागणी पाळणे अधिक कठीण, कारण परतीचा पाऊस पुरेसा होईलच याची शाश्वती नसते. सप्टेंबरअखेर जलाशय रिकामा राहिला तर दोष अधिकाऱ्याला लागतो. जुलैत भरलेल्या जलाशयामुळे खाली पूर आला तर तो निसर्गाचा कोप ठरतो. निर्णय घेणाऱ्यापुढील या विषम हिशेबाचा विचार केल्याखेरीज लहान धरणे पावसाळा ओसरण्याआधीच का भरून ठेवली जातात, हे समजणार नाही. नळवाटेच्या विहिरीचे तोंड किती उंचीवर ठेवावयाचे हे बांधकामाच्या वेळीच पक्के करून टाकणे हाच मला त्यावर खरा उपाय वाटतो. काँक्रीटमध्ये ठरलेली पातळी बैठकीत बदलता येत नाही.

जमिनीचा प्रश्नही याच संदर्भात येतो. पूरनियंत्रणाच्या जलाशयाची बरीचशी जमीन वर्षातून केवळ काही दिवस पाण्याखाली जाते. तिच्यावर नवीन गाळ बसलेला असतो आणि गाळपेर पिकासाठी ती चांगली असते. अमेरिकेत अशा जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच ठेवून, तिच्यावर पुराचे पाणी तात्पुरते साठविण्याचा हक्क तेवढा करून घेण्याची पद्धत रूढ झाली. आपल्याकडे बुडीत क्षेत्र म्हटले की जमिनीचे संपूर्ण संपादन, ही चाकोरी आहे. वरच्या ज्या शेतकऱ्याची जमीन जाते आणि खालच्या ज्या शेतकऱ्याचे पीक वाचते, ते बहुधा एकाच गावचे नसतात. वाटाघाटी तेथेच अडतात.

लहान धरण काय करू शकत नाही

१९५४ मध्ये, म्हणजे अमेरिकेतील कायदा झाला त्याच वर्षी, ल्यूना लिओपोल्ड व थॉमस मॅडॉक या तज्ज्ञांनी ‘मोठी धरणे की लहान धरणे’ या तेथील वादाचा सविस्तर ऊहापोह करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा की, ही दोन्ही एकमेकांना पर्याय नाहीत. लहान धरण त्याच्या लगतच्या ओढ्याकाठच्या शेतांना चांगले संरक्षण देते. खाली जावे तसे धरण नसलेल्या क्षेत्राचे पाणी मिळत जाते आणि धरणाचा प्रभाव विरत जातो. शंभर किलोमीटर खालील शहराचा महापूर ओढ्यांवरील धरणांनी टळेल अशी अपेक्षा ठेवणे शास्त्राला धरून नाही. काही वेळा तर एका उपनदीचे विलंबाने आलेले पाणी दुसरीच्या शिखराशी नेमके जुळण्याचाही संभव असतो. म्हणून एकेका धरणाचा नव्हे, तर संपूर्ण खोऱ्याचा आराखडा आधी करावा लागतो.

दुसरी मर्यादा संकल्पित पुराची. भारतीय मानक ११२२३ नुसार ज्या धरणाची साठवणक्षमता ५ लाख ते १ कोटी घनमीटर आणि पाण्याची उंची साडेसात ते बारा मीटर असते ते लहान गणले जाते व त्याचा सांडवा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आखतात. मध्यम धरणांसाठी प्रमाणित प्रकल्प पूर व मोठ्यांसाठी संभाव्य महत्तम पूर विचारात घेतात. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ असा पूर आज आला तर पुढील शंभर वर्षे निश्चिंती, असा नाही. कोणत्याही एका वर्षी तसा वा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता एक टक्का असते, इतकाच त्याचा अर्थ. ५० वर्षांच्या आयुष्यात तो एकदाही न येण्याची शक्यता ०.९९ चा ५० वा घात, म्हणजे सुमारे ०.६०. याचा अर्थ धरणाच्या हयातीत तो किमान एकदा येण्याची शक्यता जवळपास ४० टक्के आहे. मातीचे धरण माथ्यावरून पाणी गेल्यास टिकत नाही हे लक्षात घेता ही शक्यता लहान नव्हे. धरणाखाली वस्ती असेल तर अधिक मोठा पूर गृहीत धरण्याची मुभा मानकातच आहे. परंतु वस्ती धरणानंतर आली असेल तर सांडवा आपोआप रुंद होत नाही.

जबाबदारी कोणाची?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पाणी, पाणीसाठा, निचरा व बांध हे विषय राज्यसूचीतील १७ व्या नोंदीत आहेत, तर आंतरराज्य नद्यांचे नियमन संघसूचीच्या ५६ व्या नोंदीत आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत लघु सिंचन, जलव्यवस्थापन व पाणलोट विकास हा विषय पंचायतींकडे सोपविण्याजोग्या विषयांत समाविष्ट झाला. परिणामी लहान धरणे कोठे जलसंपदा विभागाकडे, कोठे मृद व जलसंधारण यंत्रणेकडे, कोठे वन विभागाकडे, तर कोठे जिल्हा परिषदेकडे आहेत. बांधणारा एक, सांभाळणारा दुसरा आणि निधी देणारा तिसरा, असे चित्र सर्रास आढळते.

रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे येथील लघुपाटबंधारे योजनेचे मातीचे धरण फुटून वीसहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. ते धरण सिंचनासाठी होते, पूरनियंत्रणासाठी नव्हे. पण मातीच्या धरणाच्या बाबतीत हा भेद शेवटच्या रात्री पुसला जातो. गळतीविषयी ग्रामस्थांनी आधी तक्रारी केल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांतून समोर आले.

धरण सुरक्षा कायदा २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून अमलात आला. त्यान्वये राष्ट्रीय धरण सुरक्षा समिती व राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरण या संस्था निर्माण झाल्या आणि निर्दिष्ट धरणांची पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक झाली. कोणते धरण ‘निर्दिष्ट’ हे मात्र नीट वाचावे. १५ मीटरहून अधिक उंचीची धरणे यात येतात. १० ते १५ मीटर उंचीचे धरण तेव्हाच येते, जेव्हा त्याच्या माथ्याची लांबी किमान ५०० मीटर, साठा किमान १० लाख घनमीटर किंवा महत्तम पूरविसर्ग सेकंदाला किमान २,००० घनमीटर असतो, अथवा पाया विशेष अवघड किंवा रचना असाधारण असते. आपल्या उदाहरणातील धरण ११ मीटर उंच व ३०० मीटर लांब धरले आणि गाळासाठी ५० हजार घनमीटर जागा वाढविली, तरी त्याचा साठा ६ लाख घनमीटरच भरतो. पाया व रचना साधी असेल तर ते या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. त्याच्या खाली दहा घरे असोत की दोनशे, कायद्याच्या या व्याख्येत घरांची मोजणी नाही.

अशा धरणाची पाहणी मग ज्याच्या ताब्यात ते असेल त्या यंत्रणेच्या इच्छेवर आणि गावाच्या जागरूकतेवर अवलंबून राहते. सुदैवाने सुरुवातीची बहुतेक लक्षणे साध्या डोळ्यांना दिसतात. उतारावर झाडे वाढू दिल्यास त्यांची मुळे कुजून पाण्याला वाट मिळते. उंदीर-घुशींची बिळे, माथ्यावरील लांबट भेगा, उतारावर एखाद्याच ठिकाणी उन्हाळ्यातही हिरवे राहणारे गवत, नळवाटेच्या तोंडाशी अडकलेला पालापाचोळा, सांडव्यात कोणी घातलेला बांध किंवा केलेली पेरणी, ही सर्व मे महिन्यात एका फेरीत नोंदविता येतात. पायथ्याशी पाझरणारे पाणी मात्र पावसाळ्यात रोज पाहावे लागते आणि ते काचेच्या भांड्यात घेऊन पाहावे. ते स्वच्छ असेल तर त्याचे प्रमाण नोंदवून ठेवणे पुरते. ते गढूळ होऊ लागले तर धरणाच्या पोटातील माती वाहून येत आहे असे समजावे आणि अभियंत्याची वाट न पाहता खालची वस्ती त्याच दिवशी हलवावी.